घोडा रिटायर झाला म्हणून लगेच स्टॅलियन होत नाही

गेल्या महिन्यात फलटणहून मित्राचा फोन आला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान आहे, मला दादा म्हणतो. "दादा, घोडा मिळालाय. रेसचा. फुकट." फुकट शब्द ऐकला की मला आमची आजी आठवते, ती म्हणायची धर्माची गाय आणि दात का गं नाय. म्हटलं बरं, पुढं बोल. तर पुढचं वाक्य, "खच्ची केलेला नाहीये. वीण काढायला स्टॅलियनच ठेवतो म्हणतोय. फेब्रुवारीत घोडी फळवायचा सीझन सुरू होईल, तुम्ही एकदा बघून जा ना."

असे फोन दर वर्षी दोन-तीन तरी येतात. पुण्याचा पावसाळी सीझन संपत आला की ज्यांचे पाय गेले, ज्यांची हँडिकॅपमध्ये, म्हणजे कामगिरीवरून ठरणाऱ्या रेटिंगमध्ये, घसरगुंडी झाली किंवा ज्यांच्या मालकाला आता ट्रेनिंगचं बिल परवडत नाही असे घोडे रेसकोर्सवरून बाहेर पडतात, कुणी रायडिंग स्कूलला जातं, कुणी फार्महाऊसवर, आणि त्यातला एखादा नर असला की नव्या मालकाच्या डोळ्यासमोर लगेच शिंगरं बागडायला लागतात. मला हे समजतं कारण मीही त्याच नादातून गेलोय.

माझी पात्रता आधी सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. बाबा पुणे रेसकोर्सवर नालबंद होते, माझं लहानपण तबेल्यात खुरांच्या जळक्या वासात गेलं, आता माझी स्वतःची छोटी रायडिंग स्कूल आहे आणि चार घोडी आहेत ज्यांची वीण मी गेली बारा वर्षं काढतोय. त्यामुळे जे लिहितोय ते बघून, हात लावून आणि चुका करून शिकलेलं.

चूक म्हणाल तर एक मोठीच आहे. नऊ वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी असाच रिटायर घोडा दाखवला, ग्रे रंगाचा, मान अशी कमानदार की गणपतीच्या मिरवणुकीत उभा केला असता तर लोकांनी मूर्ती सोडून त्याचे फोटो काढले असते. मी त्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे बघत राहिलो आणि हो म्हणून बसलो. पाच शिंगरं झाली. तीन शिंगरांचे गुडघे मागं वाकलेले, अगदी बापासारखे, फक्त बापाचे मी नीट बघितलेच नव्हते. त्यातली एक घोडी अजून माझ्याकडे आहे, तिला जोरात पळवायची माझी हिंमत होत नाही. तेव्हापासून मी गाडीत गवंड्याचा ओळंबा ठेवतो. हसू नका, खरंच ठेवतो.

तर फलटण. सकाळी सात वाजता पोचलो, उन्हं चढायच्या आत. मित्राने घोडा आधीच बाहेर काढून, खरारा करून, तेल-बिल लावून चकचकीत उभा केला होता, मी म्हटलं परत आत बांध. त्याला कळेना. अरे, घोडा पहिल्यांदा त्याच्या ठाणात बघायचा असतो, कुणी काही करत नसताना. उभा कसा राहतोय, कुठल्या पायावरचं वजन काढून घेतोय, दारावर दात घासतोय का, डुलतोय का. वीस मिनिटं मी चहा पीत नुसता बसून राहिलो. घोडा शांत होता, हे आवडलं. डावा पुढचा पाय अधूनमधून किंचित पुढं टेकवत होता, हे नोंदवून ठेवलं.

सात वर्षांचा, कुमैत म्हणजे तपकिरी अंग आणि काळी आयाळ, कपाळावर छोटा टिळा, एक मागचा पाय पांढरा. सोळा हात एक इंच भरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोड्याचा हात म्हणजे चार इंच आणि उंची खांद्याच्या उंचवट्याला मोजतात, डोक्याला नाही. वीस-बावीस रेस पळाला, चार जिंकला, सगळ्या १२०० आणि १४०० मीटरच्या. बाप इम्पोर्टेड स्प्रिंटर. आईच्या बाजूला दोन पिढ्या मागं एक बरी घोडी आहे, मधे सगळा दुष्काळ.

मित्राचे शेजारी, वय सत्तरच्या पुढचं, तेही आले होते, त्यांनी सरळ केसांचे भोवरे बघायला सुरुवात केली. कपाळावर एक, मानेला दोन्हीकडं, छातीला. "खोड नाही," म्हणाले, समाधानाने. मी या गोष्टीवर वाद घालत नाही. माझा शुभ-अशुभावर विश्वास नाही पण सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाईट भोवऱ्याच्या शिंगराला गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, असलं तर तेच गिऱ्हाईक खिसा मोकळा करतं, मग मारवाडी-काठेवाडी वीण काढणाऱ्याने ते बघायला नको का? थरोब्रेड म्हणजे रेसची जात, तिच्यात भोवऱ्याला भाव नाही. गंमत म्हणजे थरोब्रेडच्या ओळखपत्रावरच्या आकृतीतसुद्धा प्रत्येक भोवरा फुलीने दाखवलेला असतो, शकुन म्हणून नाही, ओळख पटावी म्हणून. काकांना ते दाखवलं तर त्यांना वाटलं इंग्रजांनीसुद्धा मान्य केलंय.

मग घोडा सिमेंटच्या सपाट जागेवर उभा केला. माती नको, मातीत पाय रुततो आणि सगळे दोष लपतात. बाबांची एक सवय होती, ते घोडा नेहमी खालून वर बघायचे, खुरापासून सुरू, तोंड सगळ्यात शेवटी. मी म्हणायचो उलटं का, तर म्हणायचे, तोंड बघितलं की माणूस भुलतो, मग खालचं दिसत नाही. ग्रे घोड्याच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो होतो.

खूर. डावा पुढचा खूर उजव्यापेक्षा लहान, टाचा आवळलेल्या. हे रेसच्या घोड्यात खूप दिसतं, पाय दुखतो म्हणून वजन कमी टाकतो, वजन कमी पडलं की खूर आक्रसतो. म्हणजे मिळवलेला दोष, बापाकडून आलेला नाही. मी मित्राला विचारलं, जुन्या नाला कुठायत? टाकून दिल्या असतील म्हणाला. नशीब, गड्याने गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवल्या होत्या, घरावर लावायला. पुढच्या दोन्ही नाला हातात घेतल्या. दोन्हीची बाहेरची कड झिजून पातळ झालेली, आतली जवळपास नवी. बाबा याला नाल वाचणं म्हणायचे. बाहेरची कड झिजते म्हणजे घोडा खूर बाहेरच्या बाजूने टेकवतो, म्हणजे बहुतेक करून त्याचे पंजे आत वळलेले आहेत आणि चालताना तो पाय बाहेरून वल्ह्यासारखा फिरवून आणतो. अजून घोडा चालवून बघितलाही नव्हता. नंतर समोरून चालवत आणला तर तसंच निघालं, दोन्ही पुढच्या पायांनी वल्हं मारत आला. खूप नाही पण आहे.

आता इथे थांबून एक सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. रिटायर झालेल्या घोड्याच्या पायावर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, जी रेसने दिली. दुसरी, जी तो जन्माला येताना घेऊन आला. नवा माणूस पहिलीला घाबरतो कारण ती दिसते, सुजलेली असते, हाताला लागते, आणि दुसरीकडे त्याचं लक्ष जात नाही कारण तिथे ना सूज ना जखम. वीण काढायची असेल तर नेमकं उलटं करायचं.

या घोड्याच्या डाव्या पुढच्या पायाची मागची शीर, नळीच्या म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या मागून जाते ती, केळ्यासारखी फुगलेली होती. टेंडन गेलेला. मित्र सारखा तेच दाखवत होता, "दादा हे बघा ना, याच्यामुळेच सोडला, हे शिंगरात येईल का?" येणार नाही. फाटलेली शीर वारशात जात नाही. पण शीर फाटली का, हा प्रश्न विचारायला पाहिजे. नुसती खराब ट्रॅकवर पाय वाकडा पडला म्हणून फाटली की पायाची ठेवणच अशी होती की ती कधीतरी फाटणारच होती?

ओळंबा काढला. मित्राच्या बायकोने घरातून बघितलं आणि ती हसत बाहेरच आली, म्हणाली भाऊजी घर बांधताय की काय. खांद्याच्या फऱ्याच्या मध्यापासून दोरी सोडली की ती गुडघ्याच्या मधून, घोट्याच्या मधून जाऊन टाचेच्या जरा मागं पडायला पाहिजे. गुडघा दोरीच्या पुढं आला तर दिसायला वाईट पण तेवढं धोक्याचं नसतं, बरेच घोडे तसे पळतात. गुडघा दोरीच्या मागं गेला तर मात्र भीती, कारण भर दौडीत पाय पूर्ण ताणला जातो तेव्हा गुडघ्याची पुढची छोटी हाडं एकमेकांवर दाबली जाऊन टवके उडतात आणि मागच्या शिरांवरही ताण वाढतो. माझा ग्रे तसा होता. हा तसा नव्हता, दोरी बरोबर मधून गेली, तिथे मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

पण घोट्याखालचा भाग लांब आणि जरा झोपलेला. लांब मऊ घोटा म्हणजे बसायला गादी, चाल झुल्यासारखी, पण प्रत्येक टापेला घोटा खाली जास्त दबतो आणि मागची शीर जास्त ताणली जाते. आणि नळीचा घेर टेप लावून बघितला तर साडेसात इंच. सोळा हाताच्या घोड्याला मला आठच्या आसपास लागतो. म्हणजे अंग मोठं, हाड बारीक, घोटा लांब, पंजे आत. आता कळलं ना शीर का गेली. शीर वारशात जाणार नाही, पण शीर फाडणारी ठेवण जाऊ शकते. मित्राचा चेहरा उतरला.

चांगलं पण सांगतो, नाहीतर वाटेल मी नुसती नावं ठेवायला गेलो होतो. खांदा सुंदर, तिरपा, मागं टाकलेला, त्यामुळे पाऊल लांब पडतं. छाती खोल, कोपराच्या खालपर्यंत उतरलेली. पाठ आखूड, कंबर भरलेली, पुठ्ठा तर असा की मागून बघताना पेरूच्या फोडीसारखा गोल. मागून ओळंबा धरला तर कुल्ल्याच्या टोकापासून थेट मागच्या गुडघ्याच्या टोकाला लागून नळीला चिकटून खाली गेला, कोयत्यासारखा पाय नाही, गाईसारखे आत वळलेले मागचे गुडघे नाहीत. इंजिन मागं असतं आणि याचं इंजिन एक नंबर होतं. चार रेस त्याने याच्यावरच जिंकल्या असणार.

मित्र लगेच सावरला आणि त्याने मोबाईल काढला, "पण दादा, सिॲटल स्ल्यूचा पण पाय वाकडा होता, मी वाचलंय." बरोबर आहे, सिॲटल स्ल्यूचा उजवा पुढचा पंजा बाहेर वळलेला होता, तो १७,५०० डॉलरला विकला गेला आणि १९७७ साली तोवर एकही रेस न हरता अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या रेस, जिंकला, नंतर स्टॅलियन म्हणूनही मोठा झाला. नॉर्दर्न डान्सर तर पंधरा हात दोन इंचाचा बुटका, शिंगरू असताना मालकाने २५,००० डॉलर मागितले तर कुणी घेतला नाही, आणि १९६४ ची केंटकी डर्बी दोन मिनिटांत मारून पुढं आज जगातल्या बहुतेक थरोब्रेडच्या वंशावळीच्या कागदावर कुठेतरी त्याचं नाव सापडतं. डॅन्झिग गुडघ्यांमुळे फक्त तीन रेस पळाला. संडे सायलेन्सचे मागचे पाय असे होते की अमेरिकेत त्याला कुणी विचारेना, जपानने नेला आणि जपानचं रेसिंगच बदलून गेलं.

ही नावं मलाही पाठ आहेत. पण अरे बाबा, हे सगळे दोष असूनही जिंकले आणि ते सुद्धा जगातल्या सगळ्यात तगड्या घोड्यांसमोर. दोष असणं ही त्यांची पात्रता नव्हती. आपल्या घोड्याने चार हँडिकॅप रेस जिंकल्यात. दोष माफ करायला दुसऱ्या पारड्यात काहीतरी वजन लागतं की नाही?

आणि उलटंही होतं, रेसमध्ये नाव काढलं म्हणून ठाणात नाव काढेल असं नाही. रझीन घ्या, नॉर्दर्न डान्सरचा सख्खा मुलगा, १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला आणि पार मागं राहिला, तोच भारतात उषा स्टडला, म्हणजे घोड्यांच्या पैदास फार्मवर, आला आणि वर्षानुवर्षं चॅम्पियन सायर म्हणजे बाप घोडा राहिला. अमेरिकेच्या गाजलेल्या सेक्रेटेरिएट घोड्याच्या मुलांनी बापाचं नाव फारसं चालवलं नाही पण मुलींनी चालवलं, स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे दोघे मोठे सायर त्याच्या मुलींच्या पोटचे. सिगार सलग सोळा रेस जिंकला आणि स्टडला गेल्यावर कळलं की वांझ आहे, शेवटी विम्याने पैसे भरून दिले. वॉर एम्ब्लेम जपानला मोठी किंमत देऊन नेला तर तो घोडीकडे बघेना. म्हणून कागद आणि पाय दोन्ही बघून झालं तरी तिसरी गोष्ट उरतेच, ती म्हणजे घोड्याला जमतंय का.

ते मी डॉक्टरांवर सोडतो पण काय काय बघतात हे माहीत असावं. दोन्ही वृषणं खाली उतरलेली पाहिजेत, दोन्ही मिळून रुंदी आठ सेंटिमीटरच्या वर. एका तासाच्या अंतराने दोन सॅम्पल घेतात आणि दुसऱ्यावर जास्त भर देतात, त्यात सरळ पुढं पोहणारे निरोगी शुक्राणू एक अब्जाच्या वर हवेत. आणि रेसमधून आलेल्या घोड्याची टेस्ट आल्या आल्या करण्यात अर्थ नसतो, ट्रेनिंगचा ताण, औषधं, कधी स्टेरॉइड, कधी ताप, या सगळ्याचा परिणाम दोन-दोन महिने राहतो कारण शुक्राणू तयार व्हायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. घोड्याला आधी माणसात आणायचं, म्हणजे घोड्यात आणायचं, बाहेर मोकळा सोडायचा, खुराक कमी करायचा, मग टेस्ट. त्याशिवाय ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस अ‍ॅनिमियाची रक्ततपासणी, हिसारच्या अश्व संशोधन केंद्रातून, याला पर्याय नाही, हे संसर्गजन्य रोग आहेत, एका घोड्यापायी अख्खा तबेला जातो.

थरोब्रेडमध्ये आणखी एक कटकट, कृत्रिम रेतन चालत नाही. प्रत्यक्ष घोडा लावला पाहिजे, स्टॅलियनची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे पाहिजे, शिंगराची डीएनए पडताळणी होते. तेव्हाच ते शिंगरू रेस पळू शकतं.

आणि हिशेब बघा. मार्चमध्ये घोडी फळवली, अकरा महिन्यांनी फेब्रुवारीत शिंगरू. आपल्याकडे एक जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एक वर्षाने वाढतं, म्हणून शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत पडलं तर बरं, मे महिन्यात पडलेलं पोरगं वर्गात कायम लहान राहतं. मग दोन वर्षं वाढवा, ट्रेनिंगला पाठवा, तिसऱ्या वर्षी ते खरं पळायला लागणार. म्हणजे स्टॅलियन चांगला की वाईट हे कळायला चार वर्षं, आणि तोवर मागची तीन पिकं जमिनीत पेरून झालेली. घेणारा आधी बापाचं नाव बघतो आणि बाप जर इथलाच चार रेस जिंकलेला असेल तर तो पुढच्या शिंगराकडे सरकतो. मोठ्या स्टडचे इम्पोर्टेड घोडे एकीकडे आणि आपण एकीकडे. मी मित्राला विचारलं, तुझ्याकडे घोडी कुठल्या? दोन थरोब्रेड, त्यातली एक कधी जिंकलेलीच नाही, आणि एक काठेवाडी. म्हटलं मग स्टॅलियन कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी घोडी बघ. निम्मं रक्त तिचं असतं आणि शिंगरू सहा महिने तिच्याच मागं फिरून शिकतं. मी तर म्हणतो निम्म्यापेक्षा जास्त, पण त्यावर माझं आणि माझ्या डॉक्टरांचं नेहमी भांडण होतं.

हल्ली मायोस्टॅटिनची टेस्ट पण करतात, २०१० साली आयर्लंडच्या लोकांनी शोधलेलं स्पीड जीन, सीसी आला तर स्प्रिंटर, टीटी आला तर लांब पल्ल्याचा, सीटी मधला. मित्राला ती करायची होती. १२००-१४०० वर पळणारा, असला पुठ्ठा असणारा घोडा कुठल्या बाजूचा निघणार हे सांगायला टेस्ट कशाला, पैसे खुराकाला ठेव.

आता मुख्य गोष्ट, जी ओळंब्यात सापडली नाही.

निघायच्या आधी मी म्हटलं याला लांब दोरीवर गोल फिरवू. डावा पाय दुखरा म्हणून फार नाही, मऊ जमिनीवर, जरा कँटर म्हणजे हलकी दौड, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. मी मधोमध उभा. पहिल्या दोन चकरांत काही नाही. तिसऱ्या चकरेत श्वास वाढला आणि श्वास आत घेताना, सोडताना नाही, आत घेताना, एक बारीक शिट्टी. आधी वाटलं वारा. मी गड्याला मोटार बंद करायला सांगितली, शेतात पाणी चालू होतं. मोटार बंद झाली आणि परत ऐकलं. प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास, प्रत्येक श्वासाबरोबर शिट्टी, थोड्या वेळाने तिची घरघर झाली, लाकडावर करवत चालवल्यासारखी. थांबवल्यावर अर्ध्या मिनिटात बंद.

मी जबड्याच्या दोन हाडांमध्ये मूठ घालून बघितली, बाबा घालायचे तशी. मूठ गेली नाही, तीन बोटं गेली. हा काही पुरावा नाही, नुसती घसा अरुंद असण्याची जुन्या लोकांची खूण, पण माझ्या पोटात कालवाकालव झाली.

रेसकोर्सवर याला बघणारा साईस कोण होता ते मित्राने आधीच्या मालकाकडून शोधून काढलं आणि आम्ही तिथूनच फोन लावला. मी चाचा म्हणून सुरुवात केली, बाबांचं नाव सांगितलं, ओळख निघाली, मग चाचा मोकळे झाले. मी कधीच सुरुवातीला दोष विचारत नाही, आधी विचारतो खातो कसा, झोपतो कसा, स्वभाव कसा. खूप गोड स्वभाव, म्हणाले, पोराने धरला तरी चालेल. मग हळूच विचारलं, चाचा, आवाज होता का? पलीकडे जरा शांतता. "था थोडा. शेवटच्या सीझनला वाढला. शेवटचे दोनशे मीटर संपायचा ना तो, सगळ्यांना वाटायचं पाय दुखतो, पण मला वाटतं दमच पुरायचा नाही." साईसला जेवढं माहीत असतं तेवढं ट्रेनरला नसतं आणि मालकाला तर काहीच नसतं, आणि त्या माणसाला कुणी विचारत नाही.

हे घशाच्या डाव्या बाजूच्या नसेचं दुखणं. ती नस डोक्यातून निघून छातीत हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत घशात येते, एवढी लांब की मोठ्या घोड्यात ती निकामी व्हायला लागते, मग घशाची डावी पडदी नीट उघडत नाही आणि हवा अर्धीच जाते. ऑपरेशनने पडदी ओढून बांधता येते, घोडा परत पळूसुद्धा शकतो. पण ऑपरेशन त्या घोड्याचं होतं, त्याच्या वंशाचं नाही. या दुखण्यात वारशाचा भाग आहे आणि ऑपरेशन करून बरा दिसणारा स्टॅलियन तर जास्तच फसवा, कारण त्याच्या शिंगरांच्या घशाची कुणाला शंकाच येत नाही.

मित्राला सरळ सांगितलं. वाकडे पंजे एकटे असते तर मी म्हटलं असतं की सरळ पायाच्या, जाड हाडाच्या घोडीला लाव आणि एक शिंगरू काढून बघ. बारीक हाडाचंही तसंच. पण पाय, हाड आणि घसा तिन्ही एकत्र, वर कागद साधारण, यात मी माझी एकही घोडी लावणार नाही, मग तुला कसं सांगू. घशात दुर्बीण घालून घे, माझं चुकलं असेल तर पेढे मी देईन.

तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, काठेवाडीला तरी? तिला रेस कुठं पळायचीय. हा प्रश्न मी चेष्टेवारी नेला नाही, बरेच लोक असे क्रॉस काढतात, उंची मिळते, रायडिंगला बरं पडतं. पण हा घसा घेऊन एखादं शिंगरू एंड्युरन्सला साठ किलोमीटर पळायला गेलं तर? आणि काठेवाडीला काठेवाडी मिळत असताना हे करायचंच कशाला, शुद्ध घोडी आधीच कमी राहिल्यात. काका मागून म्हणाले, भोवरे मात्र एक नंबर आहेत हो.

परत येताना मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. घोडा खरंच गोड होता, निघताना त्याने माझ्या खिशातला गूळ शोधून काढला आणि रुमालासकट तोंडात घेतला.

परवा फोन आला. दुर्बीण झाली, डावी बाजू, चारपैकी तिसरा ग्रेड, डॉक्टरांचंही म्हणणं नको. थंडी पडली की खच्ची करायचं ठरलंय, माश्या नसतात तेव्हा, जखम लवकर सुकते. टेंडनला वर्षभर विश्रांती, नंतर त्याची मुलगी बसायला शिकेल म्हणतोय, आताच तिने त्याला नाव ठेवलंय आणि रोज खरारा करते. शेवटी त्याने विचारलं, खच्ची केलं की दुसऱ्या दिवसापासून घोडींबरोबर सोडला तर चालेल ना, एकटा कंटाळतो तो. म्हटलं अजिबात नाही, निदान दीड-दोन महिने लांब बांध, आत साठलेलं बीज अजून असतं, नाहीतर एवढं सगळं करून पुढच्या वर्षी मला परत ओळंबा घेऊन फलटणला यावं लागेल.